नळाचं पाणी उलटं तर जाऊन नाही राहिलं? घरच्या घरी बॅकफ्लो कसा तपासायचा

आधी आमच्याकडे हे कसं कळलं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं लवकर डोक्यात बसेल. मे महिना, नवतपा सुरू, तळमजल्यावरच्या काकूंनी अंगणातल्या डायरेक्ट नळाला पाईप लावून त्याचं टोक कूलरच्या टाकीत सोडलं. टाकी भरतच होती अन मधेच नळ गेला. नळ गेल्यावर तोटी बंद करायला कोण उठतं त्या उन्हात, पाईप तसाच बुडालेला राहिला. संध्याकाळी नळ आला, वरच्या मजल्यावर माझ्या सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलं अन म्हणाल्या, अगं या पाण्याला ओल्या गवताचा वास येऊन राहिला. मी पातेलं उजेडात नेऊन बघितलं तं तळाशी एक काडी, कूलरच्या जाळीत भरतात ना त्या गवताची, बोटभर लांब. कूलरमधलं आठवड्याभराचं शिळं पाणी आमच्या पिण्याच्या लाईनीत आलं होतं अन काडी दिसली नसती तर आम्ही तो चहा पिऊन मोकळे झालो असतो.

यालाच बॅकफ्लो म्हणतात, म्हणजे पाणी जिकडून यायचं तिकडेच परत जाणं, अन जाताना सोबत घाण घेऊन जाणं. हे दोन तऱ्हेने होतं. एक म्हणजे ओढीने. स्कूटरमधून नळीने पेट्रोल काढतात तसंच, लाईनीतला दाब संपला अन खालच्या बाजूला पाणी उतरायला लागलं की मागे पोकळी तयार होते, अन जिथे कुठे पाईपचं टोक पाण्यात बुडालेलं असेल तिथून ते पाणी आत खेचलं जातं. दुसरं म्हणजे दाबाने. तुमच्याकडे बोअरचा पंप आहे, तीन मजल्यांवर टाकी आहे, तर त्या पाण्याचा दाब नळाच्या दाबापेक्षा जास्त झाला की ते नळाच्या लाईनीत घुसतं. टाकी 10 मीटर उंच असली की तिचा खाली जवळपास 1 बार दाब पडतो अन नळाला तेवढा जोर नसला की गणित उलटं होतं.

आपल्याकडे याची भीती जास्त का, तर ज्या भागात पाणी ठरलेल्या वेळीच येतं तिथे लाईन रोज रिकामी होते, म्हणजे ओढ रोज तयार होते. आपल्या नागपूरचं पाणी तसं चांगलं असतं, तोतलाडोह अन नवेगाव खैरीवरून पेंच नदीचं येतं, काही भागाला कन्हान नदीचं येतं, शुद्धीकरण होऊन क्लोरीन घालूनच येतं. 24 तास पाण्याची योजना आधी धरमपेठ झोनमध्ये प्रयोग म्हणून केली अन 2012 पासून पूर्ण शहरासाठी काम सुरू झालं, त्यामागे हेही एक मोठं कारण असतं की लाईनीत कायम दाब राहिला तर बाहेरची घाण आत शिरत नाही. पण मीटरच्या अलीकडे आपण आपल्याच घरात काय जोडून ठेवलंय ते कोणतीच योजना येऊन बघणार नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं.

अन हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असंही नाही. 1969 मध्ये अमेरिकेत वुस्टर नावाच्या गावात होली क्रॉस कॉलेजची अख्खी फुटबॉल टीम काविळीने आजारी पडली, 97 जणांपैकी 90 जणांना लागण झाली अन दोन मॅचनंतर पूर्ण सीझन रद्द करावा लागला. शोधलं तं निघालं काय, मैदानाला पाणी मारायचे नळ जमिनीखालच्या खड्ड्यात होते, त्या खड्ड्यांजवळ काविळीची लागण झालेली पोरं खेळायची, अन जवळपास एका घराला आग लागली तेव्हा अग्निशमनवाल्यांनी इतकं पाणी ओढलं की लाईनीतला दाब पडला अन खड्ड्यातलं पाणी आत खेचलं गेलं. त्याच लाईनीच्या नळावर टीमची पोरं पाणी प्यायली. मी हे वाचलं तेव्हा पहिले आमचा मीटरचा खड्डा उघडून बघितला.

आता कामाला लागू. सामान फार लागत नाही. टॉर्च, पाना, टेफलॉन टेप, एक काचेचा ग्लास, फूटपट्टी, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, छोटा पेनासारखा येतो तो), मार्कर अन एक वही. वेळ सकाळची घ्या, अन आपल्याकडे नळ कधी येतो कधी जातो ते माहीत असू द्या कारण अर्ध्या टेस्ट नळ असताना करायच्या आहेत अन अर्ध्या नळ गेल्यावर.

पहिले घराचा पाण्याचा नकाशा काढा. खरंच कागदावर काढा, तोंडी नको. मीटरपासून सुरुवात करा, पाईप कुठे वळला, टी (तीन तोंडांचा जोड) कुठे आहे, कुठला फाटा संपात (जमिनीतल्या टाकीत) जातो, कुठला डायरेक्ट स्वयंपाकघरात, बोअरची लाईन कुठे येऊन मिळते, वरच्या टाकीची लाईन कुठे उतरते. जिथे दोन वेगळी पाणी एका टी वर भेटतात तिथे लाल गोल करा. आमच्या आठ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये असे तीन गोल निघाले अन त्यातला एक कोणालाच माहीत नव्हता, जिन्याखालच्या पेटीत होता, आधीच्या कुठल्यातरी प्लंबरने करून ठेवलेला.

मग पाईपांची टोकं बघा. ही सगळ्यात सोपी पायरी आहे अन माझ्या मते अर्धा धोका इथेच संपतो. कूलर भरायचा पाईप, गाडी धुवायचा पाईप, कपड्याच्या बादलीत सोडलेला पाईप, संडासातला जेट स्प्रे जो कधीकधी बादलीत पडून असतो, अन हल्ली गच्चीवर बाग करणारे जीवामृताच्या ड्रममध्ये पाईप बुडवून पाणी सोडतात. शेणाचं अन गोमूत्राचं पाणी आहे ते, झाडाला चांगलं, पण नळ गेला की ते तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊ शकतं. फवारणीचा पंप भरताना तर पाईप आत बुडवूच नका, औषध आहे ते. नियम एकच, पाईपचं टोक पाण्याच्या वर लटकलं पाहिजे, मधे मोकळी हवा पाहिजे. हवेतून पाणी खेचलं जात नाही, त्यामुळे याच्याइतकं पक्कं काहीच नाही, अन यात बिघडायला काही पार्टही नाही. आम्ही कूलरच्या टाकीच्या वर तारेचा एक आकडा केला अन पाईप त्याच्यात अडकवतो. अंगणातल्या नळाला व्हॅक्यूम ब्रेकरपण बसवला, पितळेचा छोटा तुकडा असतो, तोटीवर फिरवून बसतो अन ओढ आली की बाहेरची हवा आत घेऊन पाण्याची धार तोडतो. कोपऱ्यावरच्या दुकानात नव्हता, मागवावा लागला. तो लावल्यावर त्याच्या पुढे पाईपच्या टोकाला बंद करायची तोटी किंवा गन लावून रात्रभर दाबाखाली ठेवू नका, तो कायम दाबात राहायला बनलेला नाही.

आता संप अन टाकीची टेस्ट. इथे बहुतेक जण चुकतात. झाकण उघडून बघतात, बॉल कॉक पाण्याच्या वर दिसला की ठीक आहे म्हणतात. पण तसं मोजायचं नसतं. नळ चालू असताना बॉल हाताने खाली दाबून धरा, टाकी भरू द्या, पार ओव्हरफ्लोच्या पाईपातून पाणी वाहायला लागेपर्यंत धरून ठेवा, अन मग बघा की जिथून पाणी पडतं ते तोंड पाण्यापासून किती वर आहे. हे अंतर आत येणाऱ्या पाईपच्या व्यासाच्या दुप्पट पाहिजे अन 25 मिलिमीटरपेक्षा कमी तर कधीच नको. अर्धा इंची म्हणजे 15 मिलिमीटरचा पाईप असेल तर 30 मिलिमीटर झाले, म्हणजे आपली दोन बोटं आडवी धरली तर मधून सहज गेली पाहिजे. आमच्या संपात काय झालं होतं, ओव्हरफ्लोच्या पाईपच्या तोंडाशी कोणीतरी चिंधी कोंबली होती, झुरळं येतात म्हणून. त्यामुळे बॉल दाबल्यावर पाणी वाहून जायच्या ऐवजी वरच चढत गेलं अन बॉल कॉक पूर्ण बुडाला. एरवी वरून बघितलं तर सगळं व्यवस्थित दिसत होतं. चिंधी काढून तिथे बारीक जाळी बांधली, झुरळंही अडली अन पाणीही मोकळं झालं. अजून एक बघा, पाणी पडायचा आवाज होऊ नये म्हणून काही जण बॉल कॉकच्या तोंडाला पाईपचा तुकडा लावून तळापर्यंत सोडतात. तो कापून टाका, आवाज झाला तर होऊ द्या.

यानंतर बोअर अन नळाची टेस्ट, अन हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कित्येक घरांत बोअर अन नळ एकाच लाईनीला जोडलेले असतात अन मधे फक्त एक गेट वॉल्व असतो, नळ आला की हा बंद कर तो उघड. वॉल्व विसरला किंवा आतून झिजला की बोअरचा पंप पूर्ण ताकदीने महापालिकेच्या लाईनीत पाणी ढकलतो, अन ते फक्त आपल्या घरात राहत नाही, रस्त्याच्या लाईनीतून शेजाऱ्यांकडेही जातं. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये प्लंबिंगच्या भागात स्पष्ट आहे की पिण्याच्या पाण्याची लाईन अन अशुद्ध पाण्याची लाईन यांची कुठेही जोडणी नसावी. वॉल्व लावून जोडली तरी ती जोडणीच झाली.

टेस्ट अशी करायची. नळ चालू असताना स्वयंपाकघरातल्या डायरेक्ट नळाचं पाणी दोन मिनिटं सोडून ग्लासात घ्या अन टीडीएस बघा, वहीत लिहा. बोअरचं वेगळं घेऊन तेही लिहा. आमच्याकडे नळाचं 190 च्या आसपास आलं अन बोअरचं 780. आता नळ जाऊ द्या, मधला गेट वॉल्व नेहमीसारखा बंद करा, बोअरचा पंप चालू करा अन मीटरच्या जवळची खालची तोटी उघडा. नळ तर नाहीये, मग पाणी यायलाच नको, जे थोडं पाईपात उरलं असेल तेवढं येऊन थांबलं पाहिजे. आमच्याकडे धार थांबलीच नाही. ग्लासात घेऊन मीटर बुडवला तं 770. मी प्लंबर भाऊंना बोलावलं, ते म्हणाले, ताई, वॉल्व तं बंदच आहे ना, मग पाणी काहून येऊन राहिलं? उघडून बघितला तर आतलं पान खालपर्यंत बसतच नव्हतं, चुन्याचा थर जमला होता. आम्ही नवा वॉल्व नाही टाकला, ती जोडणीच कापली. आता बोअरची लाईन वेगळ्या टाकीत जाते, संडास, कपडे अन अंगणासाठी, अन तिच्या तोट्यांवर लाल पट्टा मारलाय म्हणजे लेकरंही ते पाणी पीत नाहीत.

याच वेळी मीटरकडेही नजर टाका. मीटरच्या काचेत एक छोटी चांदणी असते, थेंबभर पाणी गेलं तरी फिरते. नळ गेल्यावर ती जर उलटी फिरताना दिसली तर बहुतेक पाणी तुमच्या घरातून बाहेर जाऊन राहिलं. पण स्थिर दिसली म्हणून टेस्ट पास झाली असं समजू नका, काही मीटरमध्ये उलटं पाणी अडवायची सोय आतच असते.

एनआरव्ही म्हणजे नॉन रिटर्न वॉल्व कित्येकांकडे बसवलेला असतो अन तो बसवला म्हणजे झालं असं सगळे धरून चालतात. पहिले त्यावरचा बाण बघा, बाण घराच्या दिशेने पाहिजे, मी उलटा लावलेला बघितलेला नाही पण आडवा लावायचा उभ्या पाईपात लावलेला बघितलाय. फडकीवाला (आत झुलतं झाकण असलेला) एनआरव्ही उभ्या पाईपात फक्त पाणी खालून वर जात असेल तरच चालतो. मग टेस्ट. त्यासाठी मीटरजवळचा कॉक अन एनआरव्ही यांच्या मधे एक छोटी टेस्टची तोटी लागते, नसेल तर प्लंबरकडून बसवून घ्या कारण त्याच्याशिवाय एनआरव्ही काम करतोय की नाही ते कळायला मार्ग नाही. नळ गेलेला असताना मीटरजवळचा कॉक बंद करा. घराच्या बाजूने एनआरव्हीवर पाण्याचा दाब पाहिजे, म्हणजे वर चढलेल्या पाईपात पाणी भरलेलं पाहिजे. मग टेस्टची तोटी उघडा अन खाली ग्लास ठेवा. पहिले घोटभर पाणी येईल, ते मधल्या तुकड्यातलं. ते थांबलं की ग्लास रिकामा करून परत ठेवा अन पाच मिनिटं थांबा. ग्लास कोरडा राहिला तर एनआरव्ही धरून आहे. थेंब थेंब पडत राहिलं तर गळतोय, धार लागली तर उघडाच अडकलाय. नळ चालू असताना टेस्ट केली तर गोंधळ होतो कारण मीटरजवळचा कॉक गळत असेल तरी थेंब येतात, म्हणून नळ गेल्यावरच करा.

आमचा गळत होता. झाकण उघडलं तं फडकीखाली टेफलॉन टेपचा एक चोथा, मुगाच्या दाण्याएवढा, अन त्याच्या भोवती पिवळसर खर. पाईप जोडताना टेप जास्त गुंडाळली की तिचे तुकडे सुटून इथे येऊन बसतात. साफ करून परत टेस्ट केली, ग्लास कोरडा. एवढ्याशा चोथ्याने पूर्ण वॉल्व निकामी केला होता, म्हणून तर म्हणते वर्षातून एकदा उघडून बघाच. अन हेही लक्षात ठेवा की एक एनआरव्ही म्हणजे साधी राखण आहे, जिथे घाण पाणी किंवा केमिकल आहे तिथे एकट्या एनआरव्हीवर सोडून चालत नाही. अजून एक, एनआरव्ही लावला की गिझरमधलं गरम होऊन फुगलेलं पाणी मागे जायची वाट बंद होते, तेव्हा गिझरच्या सेफ्टी वॉल्वमधून थोडे थेंब पडतात. ते पडू द्या, कोणी त्याला बूच मारू नका.

डायरेक्ट लाईनला मोटर किंवा टुल्लू पंप लावलेला असेल तर तो काढा. तो बेकायदेशीर तर आहेच, पण तो लाईनीत पोकळी तयार करतो अन गल्लीत जिथे कुठे लाईनीला फट असेल, गडरच्या (गटाराच्या) बाजूला असेल, तिथून घाण खेचतो. घाण पाणी पहिले त्याच घरात येतं ज्यांनी मोटर लावली.

दवाखाना, डायलिसिस सेंटर, लॅब, गाड्या धुवायचं सेंटर, लाँड्री, हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने, यांच्यासाठी वेगळं यंत्र असतं, आरपीझेड म्हणतात त्याला. आत दोन चेक वॉल्व एकामागे एक अन मधे एक रिलीफ वॉल्व, दोन्ही चेक खराब झाले तरी उलटं येणारं पाणी रिलीफमधून बाहेर जमिनीवर पडतं, पिण्याच्या लाईनीत जात नाही. याची टेस्ट ग्लासने नाही होत, दाबातला फरक दाखवणारं गेज लागतं अन ते वापरता येणारा माणूस लागतो. अमेरिका-कॅनडात बऱ्याच शहरांत प्रमाणित टेस्टरकडून दरवर्षी ही टेस्ट करून रिपोर्ट पाणी विभागाला द्यावाच लागतो. तुमच्याकडे कोणी टेस्ट करायला आलं तर काय बघायचं ते सांगते. यंत्रावर चार छोटे टेस्ट कॉक असतात, आधी त्यातून पाणी सोडून कचरा काढला पाहिजे. मग गेजची जास्त दाबाची नळी दुसऱ्या कॉकला अन कमी दाबाची तिसऱ्याला लागते अन पुढचा वॉल्व बंद करतात. पहिल्या चेकवरचा फरक साधारण 5 पीएसआय (दाब मोजायचं माप) किंवा जास्त दिसला पाहिजे. मग हळूहळू फरक कमी करत नेतात, रिलीफमधून पहिला थेंब पडला त्या क्षणी गेजवर 2 पीएसआयपेक्षा कमी नको. दुसरा चेक उलट्या दाबाला धरून राहतो का तेही बघतात. आगीच्या लाईनीवर नुसते दोन चेकवालं यंत्र असेल तर त्यातल्या प्रत्येक चेकने निदान 1 पीएसआय धरला पाहिजे. आकडे त्यांच्याकडून लिहून घ्या, नुसतं ओके लिहिलेला कागद घेऊ नका. अन टेस्ट चालू असताना पाणी बंद राहतं, दवाखान्यात आधी सगळ्यांना सांगा. आरपीझेड खड्ड्यात बसवू नका, पावसाचं पाणी भरलं की रिलीफ वॉल्व त्यातच बुडतो, तो जमिनीच्या वर पाहिजे.

कुठलीही टेस्ट फेल झाली अन पाण्याला वास, रंग काही असेल तर पहिले पिणं थांबवा, शेजाऱ्यांनाही सांगा, लाजू नका, त्यांच्याही लेकरांचा प्रश्न आहे. प्यायचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या. महापालिकेकडे तक्रार नोंदवून नंबर लिहून ठेवा. क्लोरीन बघायची छोटी किट मिळते, पाण्यात 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर तरी उरलेलं क्लोरीन दिसलं पाहिजे, अन काल होतं आज नाही असं झालं तर काहीतरी आत शिरलं असं समजा. जंतूंची तपासणी मात्र लॅबमध्येच होते. बाटली लॅबकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, घरची बिसलेरीची चालत नाही, तोटी पुसून दोन-तीन मिनिटं पाणी सोडून मग भरा, झाकणाच्या आत बोट लावू नका अन बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

मी या सगळ्याची वही ठेवली आहे. तारीख, टीडीएस, ग्लास कोरडा की ओला, एवढंच लिहिते, अन एनआरव्हीच्या बाजूला भिंतीवर मार्करने शेवटच्या टेस्टची तारीख. होळी झाली की कूलर काढायच्या आधी पूर्ण टेस्ट होते आमच्याकडे, अन मिरगाच्या आधी मीटरच्या खड्ड्याची एकदा वेगळी. खड्ड्यात पाणी साचून मीटरचं युनियन (पाईपाचा जोड) त्यात बुडालं असेल अन ते थोडंही ढिलं असेल तर नळ गेल्यावर तिथूनच ओढलं जातं. आम्ही खड्ड्याच्या तळाशी गिट्टी टाकली अन कडा चार इंच वर उचलली, पहिल्या मोठ्या पावसानंतर परत झाकण उघडून बघायचं ठरलंय.